मासे मेले की आधी विष शोधायचं की ऑक्सिजन मोजायचा?

जलमापक:
तळ्यात मासे तरंगले की "कुणीतरी विष सोडलं" हाच पहिला निष्कर्ष निघतो. मला तो घाईचा वाटतो. सांडपाण्यातली घाण जिवाणू कुजवतात आणि त्यासाठी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. मुळात तो साठाच तुटपुंजा: २५ अंश सेल्सियसला लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.६. तो ४ च्या खाली गेला की बरेच मासे धापा टाकू लागतात, २ च्या खाली मरू लागतात. मोजणी सूर्योदयाआधी करा, कारण शेवाळही रात्रभर ऑक्सिजन घेतं. मोठे मासे आधी मेले आणि हवेतून श्वास घेणारे मरळ-मागूर तगले, तर संशय ऑक्सिजनवरच घ्यावा. लहानमोठे मासे, किडे, गोगलगायी सगळंच एकदम गेलं, तर विष शोधा.

कल्ले:
फक्त पहाटे मोजलंत तर अमोनिया निसटेल. माशाला मारतो तो आयन न झालेला, म्हणजे विद्युतभार नसलेला अमोनिया. २५ अंशांना सामू (पीएच, आम्ल-अल्कपणाचं माप) ७ असेल तर एकूण अमोनियाच्या जेमतेम अर्धा टक्का तसा असतो, ८ ला सुमारे ५ टक्के, ९ ला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. हिरव्यागार तळ्यात शेवाळ दिवसभर कार्बन डायऑक्साइड ओढतं, त्यामुळे दुपारी सामू चढतो. म्हणजे मीटर भरपूर ऑक्सिजन दाखवत असतानाच कल्ले जळत असतात. सामू आणि अमोनिया दुपारी तीन-चारला मोजलाच पाहिजे. आणि कृपा करून मेलेले मासे पाहून तळ्यात चुना ओतू नका! सामू वर जातो आणि उरलेसुरलेही मरतात.

गाळ:
दोघंही माशांपाशीच थांबलात. तांबं किंवा क्रोमियम आलं तर कुजवणारे जिवाणूच गारद होतात. मग ऑक्सिजन कमी वापरला जातो, बीओडी (घाण कुजवताना जिवाणूंनी वापरलेल्या ऑक्सिजनचं माप) कमी येतो आणि घाण पाणी कागदावर "स्वच्छ" ठरतं. हे पकडायला एकच नमुना तीन-चार वेगवेगळ्या पटींनी पातळ करून बीओडी काढा. पट हिशेबात धरूनही जास्त पातळ बाटलीचा आकडा मोठा येत गेला, तर पाण्यात जिवाणूंना मारणारं काहीतरी आहे. अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू फार हळू वाढतात. ते मेले तर घडी बसायला आठवडे लागतात. मधेच नायट्राइट साचलं तर माशाचं रक्त चॉकलेटी होतं. कल्ला उघडून रंग बघा. तुम्ही मरळ जगल्याचा पुरावा देता, पण ज्यांच्यावर पाणी शुद्ध होण्याची भिस्त आहे ते जिवाणू कुणीच मोजत नाही.

जलमापक:
बीओडीबद्दलचं पटलं, दुपारचा सामूही मान्य. पण क्रम मी सोडणार नाही. ऑक्सिजनचा नमुना थांबत नाही: मीटर नसेल तर बाटलीत बुडबुडा न ठेवता, ऑक्सिजन बांधून ठेवायला मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड तिथल्या तिथेच घालावं लागतं. धातूंचा नमुना नायट्रिक आम्लाने सामू २ च्या खाली नेऊन टिकतो. अमोनियाचा वेगळ्या बाटलीत, सल्फ्युरिक आम्ल घालून बर्फात.

गाळ:
मग त्याच फेरीत तळाचा गाळही घ्या. धातू पाण्यातून लवकर खाली बसतात. आठवड्यानंतर पाण्यात काही सापडत नाही, गाळात सापडतं.




कल्ले:
आणि मासा घ्यायचा तर तडफडणारा घ्या. फुगलेल्या माशाचे कल्ले काहीच सांगत नाहीत.