काळ्या कॉफीला २६० रुपये मला पटतात. तुम्हाला?

रानजांभूळ
गेली तीन वर्षं महिन्यातले दोन शनिवार मी पुण्यातल्या छोट्या, कुठल्याही साखळीत नसलेल्या कॅफेंमध्ये घालवते. कोथरूड, औंध, कोरेगाव पार्क. मुंबईला गेले की वांद्रे. कॉफी दूध-साखरेशिवाय पिते. परवा मैत्रिणीनं बिल पाहिलं आणि म्हणाली, "एका कपाला २६०? कशासाठी?" मला तिला तिथे नीट सांगता आलं नाही, म्हणून हा धागा.

पहिल्यांदा चाखली ती चिकमगळूरच्या एका मळ्यातली 'नॅचरल', म्हणजे फळ न सोलता सालीसकट उन्हात वाळवलेली. घोट घेतला आणि पिकलेलं जांभूळ आठवलं. निवत गेली तशी मागे काकवी राहिली. काउंटरवरच्या मुलानं मग त्याच मळ्यातली, त्याच एस ७९५ जातीची, पण गर काढून धुतलेली कॉफी छोट्या पेल्यात दिली. ती अगदी वेगळी! हलकी, लिंबाच्या सालीच्या वासाची. तोवर मला वाटायचं, कॉफीला एकच चव असते, 'कॉफीची'. हापूस, पायरी आणि रायवळ यांना कोणी एकच चव म्हणेल का?

हे मला घरी कोणी शिकवलं नसतं. समोर दळून देणारा आणि विचारलं तर सांगणारा माणूस छोट्या कॅफेतच भेटतो. त्याचे २६० मला जास्त वाटत नाहीत.

एक तक्रार मात्र आहे. चवीच्या कार्डावर 'ब्लॅककरंट', 'स्टोन फ्रूट', 'मेपल सिरप' लिहितात. मी आयुष्यात ब्लॅककरंट खाल्लेलं नाही. करवंद, आमसूल, बोरं, काकवी लिहायला काय हरकत आहे?

माटुंगेकर
ताई, जांभूळ पटलं, २६० नाही पटले.

मी माटुंग्यात वाढलो. कॅफे मद्रास, कॅफे म्हैसूर, राम आश्रय इथे वाफाळती फिल्टर कॉफी पिऊन लोक कामाला जातात. हमाल आणि डॉक्टर एकाच बाकावर बसतात. तुमच्या त्या कॅफेत मी दोनदा गेलो आहे. मेनू इंग्रजीत, बोलणं इंग्रजीत. मी साखर मागितली तेव्हा मुलगी म्हणाली, "सर, आधी तशीच पिऊन बघा ना." ती नम्रपणे बोलली, पण मी ६१ वर्षांचा माणूस आहे. माझ्या कपात काय घालायचं हे मला सांगावं लागत नाही.

आणि चिकोरीचं नाव काढलं की या मंडळींचे चेहरे बदलतात, जणू ती भेसळच. चिकोरी हे एक मूळ आहे, भाजून दळतात. कायद्यानं ४९ टक्क्यांपर्यंत चालते आणि पाकिटावर प्रमाण छापावं लागतं. लपवाछपवी कसली? तिच्यामुळे डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून गाळलेला कॉफीचा अर्क, दाट होतं आणि दुधात टिकतं. आमच्याकडे सणावारी जायफळ घातलेली कॉफी व्हायची, तीही खोटीच म्हणायची का?

निपाणीची_लेक
मी निपाणीची, लग्न होऊन चिकमगळूर जिल्ह्यात आले. सासरचा १४ एकरांचा कॉफीचा मळा आहे. सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफी, आणि त्याच झाडांवर मिरीचे वेल. येमेनच्या मोखा बंदरातून बाबा बुडन यांनी सात बिया आणल्याची आख्यायिका ज्या डोंगराची, तो आमच्या अंगणातून दिसतो.

माटुंगेकर काका, किंमत कुठून सुरू होते ते सांगते. नेहमीच्या तोडणीत हिरवं-लाल सगळं एकदम ओरबाडलं जातं. चांगल्या लॉटसाठी फक्त पिकलेलं लाल फळ तोडायचं, म्हणजे त्याच झुडपाकडे तीन-चार वेळा जायचं. तोडणीला माणसं मिळत नाहीत आणि मिळतात ती किलोवर मजुरी घेतात. निवडून तोडायचं म्हटलं की दिवसाचं वजन कमी भरतं, मग मजुरी वाढवून द्यावी लागते. पाच-सहा किलो फळांतून एक किलो कच्ची बी निघते. नॅचरल वाळायला दोन-तीन आठवडे लागतात. त्यात डिसेंबरात अवकाळी पाऊस आला तर रात्री उठून ताडपत्र्या ओढायच्या. दोन वर्षांपूर्वी आमचा अख्खा लॉट बुरशीनं गेला.

सुकलेली कॉफी पूर्वी क्युरिंग वर्क्सला, म्हणजे टरफल काढून प्रतवारी करणाऱ्या कारखान्यात, जायची आणि सगळ्यांच्या मालात मिसळायची. आमची कुठली, शेजाऱ्याची कुठली, कोणाला पत्ता नाही. आता एक छोटा रोस्टर, म्हणजे कॉफी भाजून विकणारा, आमच्याकडून दरवर्षी थोडा लॉट वेगळा घेतो आणि पिशवीवर मळ्याचं नाव छापतो. चव तपासून शंभरात ८० किंवा जास्त गुण पडले की 'स्पेशालिटी', म्हणजे खास दर्जाची. आमच्या एका लॉटला ८४ पडले त्या दिवशी सासरे, जे कधी काही बोलत नाहीत, त्यांनी तो कागद देवघरात ठेवला.

काउंटरपलीकडून
चार वर्षं पुण्यातल्या दोन कॅफेंमध्ये बरिस्ता म्हणून, म्हणजे काउंटरवर कॉफी करण्याचं, काम केलं, म्हणून आकडे सांगतो. निपाणीच्या ताईंचं ऐकून लोकांना वाटेल की २६० मळ्यापर्यंत जातात. तसं होत नाही.

आम्ही भाजलेली कॉफी घाऊक १३०० रुपये किलोनं घ्यायचो. एका कपाला १८ ग्रॅम, म्हणजे साधारण २३ रुपये. त्यातही भाजणावळ, वाहतूक, रोस्टरचा वाटा आणि भाजताना घटणारं वजन असतं. मळ्याच्या हातात त्यातले किती उरत असतील याचा अंदाज करा. सगळ्यात मोठा वाटा जागेच्या भाड्याचा. मग पगार, वीज, मशीनचे हप्ते, आणि चार तास लॅपटॉप घेऊन बसणाऱ्याच्या एका कपाचा भार पुढच्या गिऱ्हाईकावर. रोज सकाळी किती बारीक दळायचं ते जुळवताना मशीनमधून काढलेले पाच-सहा शॉट (छोटे कप) ओतून द्यावे लागतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की दुपारी पुन्हा तेच.

मालक लबाड होता असं माझं म्हणणं नाही, तो स्वतः बारा तास उभा असायचा. पण गिऱ्हाईक जागेचे पैसे देतं आणि शेतकऱ्याचे दिले असं समजतं, हे मला सलतं. शेतकऱ्यासाठी काही करायचं असेल तर पिशवी विकत घ्या आणि घरी करा.

अमरावतीकर
मधेच येतो. आपल्या महाराष्ट्रातही कॉफी पिकते, आमच्या चिखलदऱ्याला. सहलीला आलेले लोक आठवण म्हणून पुडी नेतात. पुण्याच्या एखाद्या कॅफेनं ती नीट भाजून, 'चिखलदरा' असं नाव लिहून विकली तर मी २६० आनंदानं देईन. कोणी पाहिली आहे का?

रानजांभूळ
@अमरावतीकर, मी अजून पाहिलेली नाही. पुढच्या शनिवारी विचारते.

@काउंटरपलीकडून, तुमचा हिशेब मी घरी करून पाहिला. पाव किलोची पिशवी मला ५५० ला पडते. १५ ग्रॅमचा कप ३३ रुपयांना. म्हणजे तुमचं म्हणणं खरं आहे. पण अनोळखी चवीची पाव किलो पिशवी ५५० देऊन कोण घेईल? मी घेतली, कारण आधी काउंटरवर एक कप प्यायले होते. आज माझ्या घरात दर महिन्याला दोन पिशव्या येतात, त्या त्या कपामुळे. तुम्ही कॅफे आणि पिशवी यांना एकमेकांविरुद्ध उभं करता आहात, माझ्या बाबतीत एकामुळे दुसरी आली.

@माटुंगेकर काका, साखरेवरून टोकणं चूकच. तुमच्या जागी मला राग आला असता. पण ती मुलगी असं का म्हणाली तेही सांगते. फिल्टर कॉफीची बी गडद भाजतात, दुधाला तीच लागते. तेवढं भाजलं की मळ्यामळ्यातला फरक बराचसा जळून जातो. निपाणीच्या ताईंनी रात्री ताडपत्री ओढून जे जपलं, ते कमी भाजलेल्या, बिनसाखरेच्या काळ्या कॉफीतच ओळखू येतं.

घरी तुलना करायची तर २०० मिली पाण्याला ११ ग्रॅम, जाडसर दळून. उकळी बसलेलं पाणी वरून ओता, चार मिनिटांनी वरचा थर चमच्यानं मोडा, फेस काढा, निवू द्या. मग चमच्यानं जोरात भुरका मारा. कॉफी जिभेभर पसरते आणि वास नाकापर्यंत चढतो. लहानपणी बशीतल्या चहाचा भुरका मारला म्हणून ओरडा खाल्ला होता, इथे तीच रीत.

माटुंगेकर
भुरका मारून पाहिला. मुलानं दोन पिशव्या आणल्या होत्या. धुतलेली मला आंबट लागली, आमसुलाच्या पाण्यासारखी. नॅचरलला बरक्या फणसाचा वास होता. वाईट नव्हता, पण सकाळी सहाला मला तो नको. तिसऱ्या कपात माझी नेहमीची चिकोरीवाली ठेवली होती आणि मी तीच संपवली.

फरक असतो, हे मान्य. फरक कळला म्हणजे आवड बदललीच पाहिजे, हे अमान्य. आणि माझा प्रश्न तसाच राहिला: आपल्याच देशातली कॉफी विकणाऱ्या या कॅफेंच्या मेनूवर फिल्टर कॉफी का नसते?

काउंटरपलीकडून
काका, काही ठिकाणी असते. आम्हीही सहा महिने ठेवली होती. डिकॉक्शन सकाळी गाळून ठेवावं लागतं आणि दुपारपर्यंत त्याचा वास उतरतो. आमच्याकडे ती मागणारे दिवसाला चार-पाच जण, निम्मं डिकॉक्शन रोज मोरीत जायचं. तुमच्या माटुंग्यात ते अर्ध्या तासात संपतं, म्हणून तिथली ताजी लागते. शिवाय १५० च्या खाली विकणं आम्हाला परवडत नव्हतं, आणि १५० ला फिल्टर कॉफी कोणी घेत नव्हतं.

माटुंगेकर
१५० ला मीही घेतली नसती.