मदत हवी आहे : सीएपीडी चालू आहे, क्रूझवर जायचंय. बॅग टांगायची कुठे?

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, विश्रामबागला राहतो, वय 61. दीड वर्षापासून घरीच पोटाचं डायलिसिस, म्हणजे सीएपीडी, करतो. दिवसाला चार बॅगा : सकाळी 6, दुपारी 12, संध्याकाळी 6, रात्री 10. पोटातलं जुनं पाणी नळीनं काढायचं, टांगलेल्या बॅगेतलं नवं 2 लिटर भरायचं, नळीला कॅप लावायची. पाऊण तासात मोकळा.

दिवाळीनंतर लग्नाला 35 वर्षं होतील. बायकोनं आजवर एकच हट्ट धरलाय, मुंबईहून मोठ्या बोटीनं गोव्याला जायचं. दोन रात्री. डॉक्टरांना भीतभीतच विचारलं, तर म्हणाले, "जा की! मशीनवाल्यांना सेंटर शोधावं लागतं, तुमचं सेंटर तुमच्या पोटात आहे." थोरले बंधू मात्र म्हणतात, आयर्विन पुलावर उभं राहून पाणी बघ, तेवढं बास. बुकिंगवाल्यानं वय, आधार, जेवण सगळं लिहून घेतलं. डायलिसिस हा शब्द ऐकला आणि "कळवतो" म्हणाला. आठ दिवस झाले.

जायचं की नाही हे विचारत नाहीये, जायचंच आहे. अडलंय ते बारीकसारीक गोष्टींत. घरी बॅग विजेच्या शेकण्याच्या पॅडवर कोमट करतो, गार पाणी गेलं की ओटीपोटात कळ येते. बोटीवर म्हणे इस्त्री, किटली असलं तापणारं काही नेऊ देत नाहीत. घरी खिडकीवर खिळा आहे, तिथं काय ठोकणार? निघालेलं पाणी कुठं ओतायचं? आणि पोटात 2 लिटर असताना बोट लागली तर?

कऱ्हाडची सून
काका, आम्ही सासूबाईंना नेलं होतं. त्यांचंही सीएपीडीच. बहुतेक बोटींच्या केबिनच्या भिंती पोलादी असतात. मॅग्नेटवाले हुक घेऊन जा, खटकन चिकटतात. पॅडसाठी आधीच ईमेल करून लेखी परवानगी काढा, सोबत डॉक्टरांचं पत्र. ती प्रिंट हाताशी ठेवा, नाहीतर तपासणीत पॅड काढून घेतात. पाणी संडासात ओतायचं, पण तिथले संडास हवेनं खेचणारे असतात, त्यात कॅप किंवा टिश्यू पडू देऊ नका. रिकाम्या पिशव्या बांधून केबिन साफ करणाऱ्याकडे द्यायच्या. समुद्रात प्लास्टिक टाकायला बंदी आहे.

आमची एक फजिती सांगते. प्रवासाच्या मोठ्या बॅगा गेटवरच घेतात आणि केबिनमध्ये पोचायला चार-पाच तास लागतात. संध्याकाळची बॅग त्यातच! सासूबाई दारात खुर्ची टाकून वाट बघत बसल्या. दोन वेळचं सामान हातात ठेवा.

केबिन खालच्या मजल्यावर, बोटीच्या मधोमध मागा. तिथं हेलकावे कमी.

मिरजेची सिस्टर
पॅड नाही मिळालं तर बॅग मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, कुठं फार तापते, कुठं गारच राहते. गरम पाण्याच्या बादलीतही बुडवायची नाही, जोडाच्या जागी ओल गेली की इन्फेक्शनला वाट. वरचं आवरण न काढता रबरी शेकाच्या पिशवीशेजारी टॉवेलात गुंडाळून ठेवा. बॅग बदलताना एसीचा झोत बंद, मास्क, हात धुणं, दार लावलेलं. बाहेर पाटी अडकवा, नेमका त्याच वेळी कुणीतरी चादर बदलायला येतं.

पोहण्याचा तलाव आणि जकुझी नको. निघालेलं पाणी गढूळ दिसलं किंवा पोट दुखलं, ताप आला तर "उद्या बघू" करू नका. ती बॅग राखून ठेवा, बोटीवरच्या डॉक्टरांना दाखवा, आपल्या डॉक्टरांना फोन करा. खोल समुद्रात रेंज नसते, म्हणून अशा वेळी काय द्यायचं ते आधीच लिहून घ्या. उलटीची गोळीही त्यांनाच विचारून, दुकानातून उचलू नका. बुफेतलं लोणचं-पापड बघून हात आवरा, नाहीतर पायावर सूज येईल. जास्त पाणी ओढणाऱ्या, म्हणजे 2.5 टक्के साखरेच्या पाण्याच्या दोन-तीन बॅगा जवळ असाव्यात.

मूळ धागाकर्ता
ताई, सिस्टर, आभार. हिशेब केला : बोटीवर आठ बॅगा लागतील, बोट रखडली तर म्हणून दुप्पट, 16. एकेक बॅग दोन किलोच्या वर, म्हणजे 35 किलो तरी झालं. महालक्ष्मी एक्सप्रेस रद्द, पोरगा गाडी काढतोय. जायच्या दिवशी दुपारची बॅग पनवेलला मेहुण्याच्या घरी.

गणपती पेठेतून चार हुक आणले. काल रात्री एका हुकावर भरलेली बॅग लोखंडी कपाटाला टांगली. बायको जेवण सोडून बघत बसलेली. दहा मिनिटांत हुक सरकत सरकत मूठभर खाली आला. मग शेजारी-शेजारी दोन लावून वरून आडवी दोरी बांधली. सकाळी 6 ला उठून बघितलं, बॅग होती तिथंच.

बुकिंगवाल्याचा फोन अजून नाही. उद्या स्वतःच जाऊन बसतो त्याच्यासमोर.