इवलीशी निळी-पांढरी चहादाणी
एवढ्याशा चहादाणीत घोटभर चहाही मावणार नाही, मग ती विक्रेत्याने गिऱ्हाइकांना दाखवायचा छोटा नमुना असेल का, असं इथे कुणीतरी आपल्या चहादाणीबद्दल विचारलंय. मला तसं वाटत नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमधल्या श्रीमंत स्त्रिया हौसेने बाहुलीघरं सजवत आणि त्यांच्यासाठी चिनी मातीची चिमुकली भांडी थेट चीनमधून येत. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं पेट्रोनेला ऊर्टमनचं बाहुलीघर (१६८६ ते १७१०) जरूर बघा. व्हिएतनामच्या व्हुंग ताऊजवळ साधारण १६९० मध्ये बुडालेल्या जहाजातही अशी भांडी सापडली. काय नाजूक काम आहे!

तळाशी चीनच्या कांगशी बादशहाची (राज्यकाळ १६६१ ते १७२२) मुद्रा आहे म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. ती एकोणिसाव्या शतकातल्या मालावरही सर्रास असते. आधी नक्षीवरून नख फिरवा. कोबाल्टचं (निळा रंग देणाऱ्या द्रव्याचं) चित्र कच्च्या भांड्यावर काढून, वर झिलई (काचेसारखा चकचकीत थर) देऊन सगळं एकदमच सुमारे १३०० अंशांवर भाजतात, त्यामुळे निळी रेघ हाताला लागत नाही. लागली, तर रंग नंतर चढवलेला. अर्थात चांगली नक्कलही यात पास होते, म्हणून बुडाच्या कडेचा, जिथे झिलई नसते आणि उघडी माती दिसते तिथला, जवळून काढलेला फोटो टाका. आणि चोच जपा, टवका पहिल्यांदा तिथेच उडतो.