विभागाचं सगळं व्हॉट्सॲपवर, आता नॅकसाठी कागद कुठून आणायचे?

तासिकावाला
नमस्कार मंडळी, एका विद्यापीठात तासिका तत्त्वावर शिकवतो आणि यंदा नॅकच्या (विद्यापीठाच्या मूल्यांकनाच्या) फायली जमवायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात आलंय. मागच्या पाच वर्षांचं पाहिजे, कार्यक्रमांचे अहवाल, हजेरी, फोटो, फीडबॅक, सगळं. आणि हे आहे कुठं तर थोडं व्हॉट्सॲप ग्रुपवर, थोडं कुणाकुणाच्या गूगल ड्राइव्हवर, थोडं एचओडी मॅडमच्या पेनड्राइव्हमध्ये. त्यात फीडबॅकच्या शीट ज्यांनी केल्या होत्या त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, विद्यापीठाचा ईमेल बंद झाला आणि आता लिंक उघडली की अशी फाइलच नाही म्हणतंय. जुने पीडीएफ व्हॉट्सॲपवर डाउनलोडच होत नाहीत. पुढच्या वर्षी मी असेन नसेन, पण नीट काहीतरी लावून जावं म्हणतो. मूडल (ऑनलाइन शिकवण्याचं मोफत सॉफ्टवेअर) बसवायचं का? की शेअर्ड फोल्डर पुरे? बजेट शून्य धरून सांगा.

सर्व्हररूम
मूडल राहू द्या, आधी आयटी सेलला गाठा, आजच. नुसतं सस्पेंड केलं असतं तर शेअर केलेल्या फायली उघडल्या असत्या, म्हणजे अकाउंट डिलीट झालेलं दिसतंय. गूगल वर्कस्पेसमध्ये, म्हणजे संस्थेच्या गूगल खात्यांमध्ये, डिलीट केलेला युजर ॲडमिनला २० दिवसांच्या आत परत आणता येतो, त्यानंतर आमच्याही हातात काही राहत नाही. परत आला की फायलींची मालकी दुसऱ्याच्या नावावर करून घ्या आणि मगच बंद करू द्या.
आणि फोल्डर शेअर करणं वेगळं, शेअर्ड ड्राइव्ह वेगळं. फोल्डरमधली फाइल ज्यानं बनवली त्याचीच राहते, तो गेला की गेली. शेअर्ड ड्राइव्हमधली संस्थेच्या मालकीची असते, माणूस सोडून गेला तरी जागची हलत नाही. मॅनेजर म्हणून दोन कायमस्वरूपी प्राध्यापक ठेवा, एक नको. आयटीवाले जागेवरून कुरकुर करतील, कारण २०२२ पासून अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबीच मोफत आहे, पण अहवालांना कितीशी जागा लागते? व्हिडिओ टाकू नका म्हणजे झालं.

ग्रंथालयवाली
+१. मूडल फुकट आहे हे खरं, पण सर्व्हर, बॅकअप, अपडेट हे बघायला माणूस लागतो आणि तो माणूस पण तुमच्यासारखाच तासिकेवर असला तर संपलं. असाइनमेंट, क्विझ याला ते उत्तम, जुने कागद सांभाळायला नाही.
मराठीतले जुने अहवाल श्रीलिपी नाहीतर कृतीदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतील तर ड्राइव्हच्या सर्चमध्ये सापडणारच नाहीत, दुसऱ्याच्या मशीनवर नुसतं गिचमिड दिसेल. युनिकोड करून घ्या, सोबत पीडीएफ ठेवा. फायलीचं नाव वर्षापासून सुरू करा, २०२३-०९ कार्यशाळा अहवाल असं. आमच्याकडे "फायनल न्यू २ करेक्टेड" नावाची फाइल आहे आणि ती फायनल नाहीये.

पीएचडी_चालूच
सगळं बरोबर पण सर लोक शेवटी व्हॉट्सॲपवरच टाकणार 😄 म्हणून ग्रुप बंद करायच्या भानगडीत पडू नका, फाइल ड्राइव्हवर आणि ग्रुपवर फक्त लिंक, एवढं एचओडींकडून वदवून घ्या. जुन्या पीडीएफसाठी ज्याने फोन बदललेला नाही आणि ऑटो डाउनलोड चालू ठेवतो असा एखादा माजी विद्यार्थी शोधा, त्याच्या फोनमध्ये व्हॉट्सॲप डॉक्युमेंट्सच्या फोल्डरात सगळं पडलेलं असतं, आमचा अर्धा रिपोर्ट तसाच निघाला. आणि फीडबॅकमध्ये मुलांची नावं, नंबर असतात, ते "लिंक असलेल्या कुणालाही" करून ठेवू नका प्लीज.

तासिकावाला
खूप आभार. आयटीत विचारलं, अकाउंट गेल्या आठवड्यातच डिलीट झालंय म्हणे. एचओडींच्या सहीचा लेखी अर्ज पाहिजे आणि मॅडम सोमवारपर्यंत रजेवर.

सर्व्हररूम
मॅडमना त्यांच्या ऑफिशियल ईमेलवरून दोन ओळी पाठवायला सांगा, बरेच ठिकाणी तेवढ्यावर काम होतं. सही सोमवारी घ्या.