पी.टी.च्या तासाला कपडे बदलायचे का? तुमच्या शाळेत काय चालतं?

'आमच्या वेळी असं नव्हतं' नको. काय जमतं, काय अडतं, तेवढंच लिहा.

माध्यमिक शाळेतला क्रीडाशिक्षक
तास 35 मिनिटांचा, वर्गात 60 मुलं. कपडे बदलायला जाताना 8 मिनिटं, येताना 8. उरलेल्या 19 मिनिटांत हजेरी, वॉर्मअप आणि खेळ, म्हणजे खेळ नाहीच. म्हणून शाळेत बदलायचं नाही, पी.टी.च्या वारी घरूनच ट्रॅकपँट-टीशर्ट घालून यायचं. वेळापत्रक लावणाऱ्याला जूनमध्येच गाठा: दोन तास जोडून, जमल्यास दिवसाच्या शेवटी. घामेजलेलं मूल मग थेट घरी जातं. मधला तास असेल तर दप्तरात नॅपकिन आणि कोरडा बनियन पुरे.

कबड्डी, खो-खो शिकवते
गणवेश बदलला नाही तरी अंगावरचं उतरवायलाच हवं. बकलचा पट्टा, आयकार्डची दोरी, बांगड्या, ओढणीची सेफ्टीपिन, सगळं तासाआधी डब्यात. पकड शर्टावर बसली की बटणं उडतात, खिसा उसवतो. खो-खोत पाटीवर बसून झटक्यात उठायचं असतं. घट्ट टेरीकॉटची पँट आसनाच्या शिवणीवरच फाटते. काळे बूट झिजले की फरशीवर सटकतात, तिथे कॅनव्हासचेच हवेत. मातीचं मैदान खडे वेचलेलं असेल तर अनवाणी बरं.

मुलींच्या शाळेतली शिक्षिका
पिनाफोरखाली सायकलिंग शॉर्ट्स लंगडीला चालतात, सर्वांगासनाला नाही. आणि पांढरी ट्रॅकपँट ठरवतं तरी कोण? पाळीच्या दिवसांत मुली "पोट दुखतंय" म्हणून भिंतीशी बसतात, त्याचं निम्मं कारण तो रंग. नेव्ही ब्लू करा. टीशर्टही गडद हवा. पांढरा भिजला की आतलं सगळं दिसतं.

शाळेतच बदलायचं असेल तर शौचालयात नको. फरशी ओली, खुंटी नाही, एका पायावर उभं राहून पँट चढवताना दुसरा पायचा पाण्यात. रिकामा वर्ग घ्या, खिडक्यांना पडदे, दाराला आतून कडी, बाहेर शिक्षिका. मोबाइल आत न्यायचा नाही.

पालक
घरी एकच जोड असेल तर पावसाळ्यात पंचाईत. जाड सुती टीशर्ट दोन दिवस दमट राहतो. जाळीचा पॉलिस्टर रात्री पिळून पंख्याखाली टाकला की सकाळी घालता येतो, पण घामाचा वास धरतो. तो उलटा करून अर्धा तास खायच्या सोड्याच्या पाण्यात ठेवा, मग साबण. ट्रॅकपँटला इलॅस्टिक आणि नाडी दोन्ही बघून घ्या, खाली 5 सेंमी दुमड ठेवा. नाव कपड्याच्या आत, धुण्यात न जाणाऱ्या मार्करने.

क्रीडाशिक्षक, पुन्हा
एक राहिलं. ड्रेस नाही म्हणून मुलाला बाहेर उभं करू नका. एकच जोड आहे, तो वाळला नाही, हे ते सगळ्यांसमोर सांगणार नाही. शर्ट खोचायला लावा, बुटाची नाडी बघा, घ्या खेळायला.