व्हायब्राफोन, मरिंबा, झायलोफोन, ग्लॉकेनस्पील: गाण्यात नेमकं कोणतं वाजतंय हे कसं ओळखायचं?

कीबोर्ड_सोलापूर
नमस्कार मंडळी. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचा कार्यक्रम हुतात्मा स्मृती मंदिरात आहे, त्याचे पार्ट बसवतोय. कीबोर्डच्या जनरल मिडी यादीत (सगळ्या कीबोर्डांवर सारखी असलेली आवाजांची क्रमवार यादी) ९ सेलेस्टा, १० ग्लॉकेनस्पील, ११ म्युझिक बॉक्स, १२ व्हायब्राफोन, १३ मरिंबा, १४ झायलोफोन असे सलग आवाज आहेत. यातली बहुतेक पट्ट्यांवर काठीने वाजवायची वाद्यं, त्यामुळे धातू वाजतोय की लाकूड, एवढं कानाला कळतं. त्यापुढे गाडी अडते. व्हायब्राफोन लावला तर तो ऑर्गनसारखा हेलकावतो आणि मूळ गाण्यासारखा वाटत नाही. झायलोफोन आणि मरिंबा यांत तर फरकच सापडत नाही. कान कुठे लावायचा?

तरंग_४४०
स्वर सुरू कसा होतो त्यापेक्षा तो विझतो कसा, ते आधी ऐका. लाकडी पट्टीचा स्वर लगेच संपतो, झायलोफोनचा तर पापणी लवेपर्यंत. म्हणून लांब स्वर हवा असेल तर वादक दोन काठ्यांनी तोच स्वर भराभर आलटूनपालटून वाजवतो. गाण्यात असा थरथरता लांब स्वर आला की लाकूडच. व्हायब्राफोनच्या पट्ट्या ॲल्युमिनियमच्या असतात आणि खाली पेडल असतं. पेडल दाबून ठेवलं तर स्वर कित्येक सेकंद रेंगाळतो, सोडलं की नमद्याची पट्टी सगळे स्वर एकदम बंद करते. ओळ संपताना सगळे स्वर एकाच क्षणी कापले गेले तर ते पेडलचं काम.

दुसरी खूण पल्ल्याची. व्हायब्राफोन मधल्या सीच्या (पियानोच्या मधोमध असलेल्या सी कळीच्या) खालच्या एफपासून तीन सप्तकं चालतो. ग्लॉकेनस्पीलचा सगळ्यात खालचा स्वरच मधल्या सीच्या दीड सप्तक वर असतो. धातूचा स्वर त्याच्या खाली उतरला तर ग्लॉकेनस्पील बाद. लाकडी स्वर मधल्या सीच्या खाली गेला तर झायलोफोन बाद, तो मरिंबा.

आता हेलकाव्याबद्दल. व्हायब्राफोनच्या पट्ट्यांखाली आवाज घुमवणाऱ्या नळ्या असतात, त्यांच्या तोंडाशी मोटरवर फिरणाऱ्या चकत्या असतात. त्या नळी उघडतात, मिटतात, त्यामुळे आवाज लहानमोठा होतो. सूर हलत नाही. कीबोर्डचं मॉड्युलेशन व्हील बहुधा सूरच वरखाली हलवतं, तिथेच तुमचं गाडं बिघडतंय. व्हील शून्यावर ठेवा आणि इफेक्टमधून ट्रेमोलो (आवाज लहानमोठा करणारा) घ्या, सेकंदाला ४ ते ६ झोके, झोक्याची खोली कमी. आणि मोटर नेहमी चालू असते असंही नाही. जॅझ वादकांपैकी मिल्ट जॅक्सन ती संथ ठेवत, गॅरी बर्टन बंद ठेवून चार काठ्यांनी वाजवत. हिंदी चित्रपटांत केर्सी लॉर्ड आणि बर्जोर लॉर्ड या भावांनी हे वाद्य वाजवलं. त्या काळची गाणी हेडफोन लावून ऐका, आवाज हेलकावतोय की सरळ आहे ते आधी ठरवा, मग पॅच (कीबोर्डमधला आवाज) निवडा.

कीबोर्ड_सोलापूर
व्हीलचं अगदी बरोबर निघालं, सूरच हलत होता. पण लाकडी स्वर मधल्या सीच्या वरच असतील तर झायलोफोन की मरिंबा कसं ठरवायचं?

शिसवी_पट्टी
इथे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत वर हळू वाजणारे स्वर, ऐकावे लागतात. दोन्हींच्या पट्ट्यांखाली मधोमध कोरून पोकळ कमान केलेली असते, पण कमान सारखी नसते. झायलोफोनची पट्टी जाड, कमान उथळ. मध्य सा वाजवला की त्यात तार सप्तकातला पंचम दडलेला असतो. मरिंबाची पट्टी रुंद, कमान खोल. तिच्यात सा च्या वर दोन सप्तकांवरचा सा येतो. त्या पंचमामुळे झायलोफोन कोरडा आणि कडक वाटतो, मरिंबा गोल आणि घुमणारा. गाणं निम्म्या वेगाने लावून एकच स्वर ऐका, पंचम चक्क वेगळा ऐकू येतो.

काठीचाही हात असतो. झायलोफोनला कडक प्लास्टिकची किंवा रबराची गोळी, मरिंबाला रबरावर लोकर गुंडाळलेली. सुती दोरीने घट्ट बांधलेली काठी बहुतेक व्हायब्राफोनची. (सोलापुरात सुताला तोटा नाही, पण सुती काठी मरिंबावर नको, आवाज टणक होतो.) पॉप गाण्यातला मरिंबा ऐकायचा तर रोलिंग स्टोन्सचं १९६६ चं ‘अंडर माय थम्ब’ घ्या, ब्रायन जोन्सने वाजवलेली धून पहिल्या सेकंदापासून पुढे आहे.

कीबोर्डवर मरिंबाला बोट हलकं ठेवा, जोरात मारलं की काठीचा टकटकाट वर येतो. पेडलला पाय लावू नका.

सूरजुळणी
वर सुटलेली एक जोडी सांगतो. ग्लॉकेनस्पील आणि सेलेस्टा दोन्ही पोलादाच्या पट्ट्यांचे, पण सेलेस्टा पियानोसारखा बोटांनी वाजतो, आत नमद्याच्या हातोड्या. पॅरिसमध्ये १८८६ मध्ये त्याचं पेटंट झालं. स्वराची सुरुवात बोथट आणि पाच-सहा स्वर एकाच वेळी वाजले तर सेलेस्टा. सुरुवात टोचणारी, एक किंवा दोनच स्वर, तर ग्लॉकेनस्पील. म्युझिक बॉक्स या घरातला नाहीच, तिथे पोलादी कंगव्याचे दात छेडले जातात. आणि सत्तरच्या दशकातला इलेक्ट्रिक पियानो ट्रेमोलो लावला की हुबेहूब व्हायब्राफोन वाटतो. डावा हात मधल्या सीच्या खालच्या एफच्याही खाली गेला तर तो पियानोच समजा.

ग्लॉकेनस्पील लिहिल्यापेक्षा दोन सप्तकं वर वाजतो, झायलोफोन एक. काही कीबोर्ड हे आपोआप वर नेतात, काही नेत नाहीत. नोटेशनवरून वाजवणार असाल तर तीच कळ पियानो पॅचवर दाबून आधी ताडून घ्या.

बँड_लायर
शाळेच्या बँडमध्ये उभं धरून वाजवतात तो बेल-लायर म्हणजे ग्लॉकेनस्पीलच. मूळ वाद्य ऐकायचं असेल तर २६ जानेवारीच्या संचलनात ऐका ओ. त्यात एखादी पट्टी ‘टक्’ करून मेली असेल तर ती बहुधा खराब नसते, स्क्रू जास्त आवळलेला असतो. पट्टी दोन्ही टोकांपासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर सगळ्यात कमी हलते, म्हणजे २० सेंटिमीटरच्या पट्टीत ४.५ सेंटिमीटरवर. भोक तिथेच हवं, खाली नमद्याचा किंवा रबराचा वॉशर हवा, आणि बोटाने ढकलल्यावर पट्टी जराशी सरकायला हवी. नमदा कडक झाला असेल तर बदला. गंज काढायला कानस लावू नका: मधोमध घासलं की स्वर उतरतो, टोकाला घासलं की चढतो.

नळ्यांचं खरं वाद्य भाड्याने आणणार असाल तर मे महिन्यात उघड्या मांडवात नको. २० अंशांवर आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, ४० अंशांवर सुमारे ३५५. नळीचा सूर त्यामुळे शेजारच्या दोन कळांमधल्या अंतराच्या निम्म्याहून जास्त चढतो, पट्टीचा मात्र किंचित उतरतो. दोघांची जोडी सुटली की आवाज पातळ येतो आणि लोक माइकला दोष देतात.