मदत हवी आहे: एकाने मधेच आमचं बंदर बुडवलं, आता खेळ पुढे कसा न्यायचा?

चिंचोका
शनिवारी परत बसायचंय त्यामुळे जरा लवकर सांगा प्लीज. कार्डांवर गोष्ट लिहायच्या एका खेळात आम्ही नागवेळ नावाचं एक काल्पनिक बंदर उभं केलंय, पहिल्या कोळीवाड्यापासून पार शेवटापर्यंत, आणि काय रंगलं होतं म्हणून सांगू. नाखव्यांचं घराणं, जकातीवरून भांडणं, टेकडीवरचा दिवा. आणि आमच्यातल्या एकाने त्याची पाळी आल्यावर सरळ लिहून टाकलं की दर्याचा कोप झाला आणि एका रात्रीत नागवेळ बुडालं. संपलं. दोघं म्हणतात कार्ड फाडा, तो म्हणतो नियमात बसतं. कार्ड रद्द करता येतं का, हो की नाही?

फासेकरी
गेम कुठला ते तर लिही! डीएनडी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स असेल तर डीएम, खेळ चालवणारा, काय करतोय? माझ्या टेबलवर असं कुणी केलं असतं तर मी डीएम म्हणून तिथेच थांबवलं असतं. एकाच्या हातात सूत्रं नसली की हेच होतं.

चिंचोका
डीएम नसतोच यात. कार्ड लिहिलंय ना वर. मायक्रोस्कोप खेळतोय, म्हणजे सगळ्यांनी पाळीपाळीने कार्डं लिहून एक काल्पनिक इतिहास रचायचा. चौघं आहोत.

रानवाट
हां, मग प्रश्न कळला. मायक्रोस्कोप २०११ पासूनचा आहे आणि आमच्या ग्रुपचा सगळ्यात लाडका, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. ज्याची पाळी त्याचा शब्द शेवटचा, बाकीच्यांनी फार तर खुलासा विचारायचा, सुचवायचंसुद्धा नाही, मग मत घेऊन कार्ड फाडणं तर लांबच. शहर बुडवायची पूर्ण मुभा आहे, कारण काळ सरळ पुढे जातच नाही. पुढच्या पाळीला तू बुडण्याच्या पन्नास वर्षं आधी जाऊन नाखव्यांच्या घरातलं लग्न लिहू शकतोस. बुडालं म्हणून तुझं काहीच गेलेलं नाही.
पण दोन गोष्टी तपासाव्या लागतात. एक, आधी ठरलेल्या कुठल्या कार्डाला छेद जातोय का. दोन, पॅलेटमधलं, म्हणजे गोष्टीत काय हवं आणि काय नको त्या सुरुवातीच्या यादीतलं, काही मोडतंय का. तुमचा शेवटचा पिरियड, म्हणजे काळाचा टप्पा, काय ठरलाय आणि पॅलेटच्या 'नको' रकान्यात काय आहे?

चिंचोका
शेवट म्हणजे खाडी गाळाने भरली आणि लोक मुंबईला गेले. ते पहिल्याच दिवशी चौघांनी मिळून ठरवलं होतं.

बखरवाचक
शेवट अगदी बरोबर धरलाय. कोकणातली बंदरं अशीच गेली, गाळाने. सोपारा बघा, १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप खणला, अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला, केवढं मोठं बंदर असेल ते, आणि आज नालासोपाऱ्याच्या लोकलमधून उतरणाऱ्या माणसाला सांगून खरं वाटणार नाही. एका रात्रीत बुडणं मला पटत नाही. तुमच्या मित्राला म्हणावं आधी चौल, दाभोळ फिरून ये.

फासेकरी
अहो बखरवाचक, गोष्ट काल्पनिक आहे. पटायचं काय त्यात?

बखरवाचक
काल्पनिक असली तरी जमीन कोकणातली घेतलीत ना? मग खाडी कशी वागते ते पाळायला नको? आणि अगदीच लाट हवी असेल तर १९४५ च्या नोव्हेंबरात पाकिस्तान-इराणकडच्या मकरान किनाऱ्यावर भूकंप झाला होता, त्याच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या. तेवढा आधार घ्या आणि लिहा.

रानवाट
@चिंचोका पॅलेट राहिलंच.

चिंचोका
'नको' मध्ये जादू, देवांनी स्वतः येऊन काही करणं, आणि बाहेरून येणारा तारणहार. 'हवं' मध्ये बायका नाखवा असणं, सगळ्या जातीधर्मांचे व्यापारी, आणि भुताच्या गोष्टी चालतील पण भुतं नाहीत.

फासेकरी
मग झालं की! दर्याचा कोप म्हणजे देवानेच केलं. कार्ड बाद. मी म्हणतच होतो.

रानवाट
असं लगेच बाद नाही होत. कार्डावर 'कोप झाला' लिहिलंय की 'लोकांनी कोप मानला'? भरतीच्या वेळी वादळ आलं आणि लोक त्याला कोप म्हणाले तर पॅलेट शाबूत. हा खुलासा विचारायचा हक्क सगळ्यांना आहे, तो त्यालाच विचारा. त्याने देवाचंच काम म्हटलं तर मात्र त्यालाच कार्ड बदलायला सांगा.

फासेकरी
पळवाट आहे ही. चौघांनी हौसेने उभं केलेलं एकाने बुडवायचं आणि बाकीच्यांनी व्याकरण तपासत बसायचं.

रानवाट
पळवाट कशी? हा खेळ उभाच यावर आहे की तुझं लाडकं काहीही दुसरा कुणी उलटंपालटं करू शकतो. मत घेऊन कार्डं ठरवायला लागलात की चौथा माणूस भीतभीत खेळतो आणि सगळा इतिहास मिळमिळीत होतो. आमच्याकडे एक जण प्रत्येक कार्डावर चर्चा करायचा, तास तास जायचा आणि टेबलावर चार कार्डं.

आजीची_गोधडी
हा खेळ दहा वर्षांच्या मुलांना चालेल का? सुट्टीत नातवंडं येतात. आणि कार्डं विकत आणू नका, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला छान होतात, जाड असतात, शाई फुटत नाही.

उलटा_पाट
तुम्ही खेळच बदला. द क्वायट इयर घ्या, माझं ऐका. पत्त्यांचा जोड, ५२ पानं म्हणजे वर्षाचे ५२ आठवडे, मधे एकच नकाशा आणि सगळे त्यावर चित्र काढतात. त्यात कुणी न विचारता काही केलं तर वाद घालत नाहीत, नाराज माणूस मधल्या ढिगातून एक टोकन उचलून आपल्यासमोर ठेवतो. ती नाराजी सगळ्यांना दिसत राहते. तुमच्या ग्रुपला तेच पाहिजे.

चिंचोका
खेळ बदलायचा नाहीये, नागवेळच पुढे न्यायचंय. आणि सगळ्यांना सांगतो, बुडण्याच्या नंतरच्या पिरियडमध्ये एक कार्ड आधीपासून आहे, हबशी जहाजांनी नागवेळला जकात द्यायला नकार दिला. ते आमच्यातल्या तिसऱ्या खेळाडूने खूप आधी लिहिलंय.

रानवाट
अरे, हे पहिल्या पोस्टमध्ये पाहिजे होतं! सगळं उत्तर यातच आहे. जकात मागायला बंदर लागतं, म्हणजे नागवेळ परत उभं राहिलं हे आधीच ठरलेलं आहे. त्याचं कार्ड 'कायमचं बुडालं' म्हणत असेल तर छेद जातो, मग बदला. नुसतं 'बुडालं' असेल तर राहू दे, मधली सगळी वर्षं आता तुमची आहेत. परत कुणी बांधलं? कुणाच्या पैशाने?

बखरवाचक
याला तर दाभोळचाच दाखला आहे. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांच्या अल्मेडाने दाभोळ जाळून बेचिराख केलं, तरी पुढे आदिलशाहीत ते मोठं बंदर होतंच. मक्केला जाणारी जहाजं तिथून सुटायची.

रानवाट
वा! आणि चिंचोका, तुझ्या पाळीला सीन घे. सीनला एक प्रश्न लागतो आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत चौघं पात्रं घेऊन खेळतात. मी असते तर विचारलं असतं, 'त्या रात्री खारबांधाची उघाडी (समुद्र अडवणाऱ्या बांधाचं पाण्याचं दार) कुणी उघडी ठेवली?' एखादं पात्र सक्तीचं करता येतं, तुझी नाखवीण कर. आणि ज्याने बुडवलं त्यालाही त्यात खेळू दे, तोही तुमच्याइतकाच हौसेने बसलेला असतो.

फासेकरी
सीन चांगला आहे, मान्य. पण डीएम असता तर इथपर्यंत आलंच नसतं.

चिंचोका
रानवाट, हे भारी आहे. त्याला फोन केला, कार्डावर नुसतं 'बुडालं' आहे, 'कायमचं' नाही, आणि कोप हा लोकांचा समज म्हणाला. कार्ड राहणार. आता एवढं सांगा, खारबांधाची देखरेख करायचं कोण? गावकरीच की कुणी नेमलेलं?

बखरवाचक
जुन्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात, शिलोत्रदार असायचे. समुद्राकडचा बांध त्यांनी राखायचा आणि त्याबदल्यात जमीन कसणाऱ्यांकडून भाताचा ठरलेला वाटा घ्यायचा.

चिंचोका
म्हणजे भात घेतला आणि बांध राखला नाही, असा माणूस. हे दुसरं सक्तीचं पात्र. ते मी त्यालाच घ्यायला सांगतो.

आजीची_गोधडी
नातवंडांचं कुणी सांगितलंच नाही.

रानवाट
आजी, दहा वर्षांची मुलं खेळतील, सीन सोडून द्या आणि नुसती कार्डं लिहायला लावा. पहिलं आणि शेवटचं कार्ड तुम्ही ठरवून द्या.